दत्तक प्रक्रियेची सुरुवात : न्यू जर्सी ते सातारा, फक्त कागदांसाठी

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोघं न्यू जर्सीहून पुण्याला आणि तिथून सातारा जिल्ह्यातल्या सासरी जाऊन आलो ते कागदपत्रांसाठी. भारतातून मूल दत्तक घ्यायचं पक्कं झालं होतं, एजन्सी ठरली होती आणि तिने भली मोठी यादी हातात ठेवली होती. अमेरिकेत राहून हाच विचार करणारी मराठी जोडपी बरीच भेटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

तिकीट काढण्याआधी एक बघा : दोघांपैकी अमेरिकन नागरिक कोण आहे? भारत आणि अमेरिका दोन्ही देश परदेशी दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारात आहेत. त्या वाटेवरचा पहिला अर्ज, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा आय-८००ए, अमेरिकन नागरिकालाच भरता येतो. नुसतं ग्रीन कार्ड चालत नाही. आमच्यात नवरा नागरिक, माझा पासपोर्ट अजून भारतीय. त्यामुळे अर्जदार तो. दोघंही ग्रीन कार्डवर असाल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, एजन्सीची फी नंतर भरा. मूल कायद्याने तुमचं झालंय आणि त्याला घरी आणता येत नाही, ही वेळ कुणावर येऊ नये.

मग वयाची बेरीज करा. दिल्लीची ‘कारा’ ही दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था नवरा-बायकोची वयं मिळवून बघते. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर बेरीज ८५ पर्यंत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. आम्ही लहान बाळाचा हट्ट मुळातच धरला नव्हता. थोडं मोठं मूल, भावंडांची जोडी किंवा विशेष गरजा असलेलं मूल यांचा विचार करणाऱ्यांना थांबावं लागतं ते कमी, आणि घराची खरी निकड याच मुलांना जास्त असते.

पुण्यातलं मुख्य काम नावांचं. लग्नाच्या दाखल्यावर माझं सासरचं नाव, मधे नवऱ्याचं, पासपोर्टवर माहेरचं, पदवीवर वडिलांच्या नावासकट तिसरंच. अमेरिकेत आमची तपासणी करणाऱ्या समाजसेविकेला ही तिन्ही माणसं एकच आहेत हे कागदावर हवं होतं. नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं, त्यात प्रत्येक स्पेलिंग जसं ज्या कागदावर आहे तसंच्या तसं उतरवलं. दाखल्याच्या नव्या प्रती क्षेत्रीय कार्यालयातून घेतल्या. गरजेपेक्षा जास्तच घ्या, परत कोण जातंय! मराठी कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरकार सरकारमान्य नसला तरी चालतो, पण ‘मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे’ असं त्याने सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

पोलिस दाखल्यासाठी मात्र सुट्टी घालवू नका. अठराव्या वर्षानंतर ज्या ज्या राज्यात आणि देशात राहिलात तिथली तपासणी होते. भारतातला दाखला अमेरिकेत बसून कॉन्सुलेटमार्फत मागवता येतो. आम्ही निघण्याआधीच अर्ज करून ठेवला होता.

सगळ्यात जास्त वेळ नवऱ्याच्या जन्मदाखल्याला लागला. नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात लाल कापडी पाठीचं रजिस्टर टेबलावर आलं. बाईंनी बोट ठेवत ठेवत पानं उलटली आणि नोंद सापडली : बापाचं नाव, आईचं नाव, तारीख, ‘पुरुष’, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारशाआधीच नोंद झालेली, नंतर कुणी नाव घालायला आलंच नाही. आपल्याकडे त्या पिढीच्या कितीतरी नोंदी अशाच आहेत. बाईंनी शांतपणे नाव नोंदवण्याचा अर्ज दिला, शाळा सोडल्याचा दाखला जोडायला सांगितला. तुमच्या घरच्या कुणाला तरी आधीच पाठवून ही नोंद बघून ठेवा, आणि शाळेचा दाखला बॅगेत टाकाच.

त्याच संध्याकाळी चुलत सासऱ्यांनी विषय काढला. “अगं सूनबाई, एवढी यातायात कशाला? घरातलंच एखादं लेकरू घ्या. दत्तकपत्र करू, रजिस्टर करू, झालं!” त्यांचं मन मोठं आहे आणि जुन्या पद्धतीने ते बरोबरच बोलत होते, १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने असं दत्तक होतंच. पण रजिस्टर केलेल्या दत्तकपत्रावर अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही. नात्यातलं मूल परदेशी न्यायचं असेल तरी रस्ता जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि कारामार्फतच जातो. हे घरच्यांना जेवणाच्या पंगतीतच समजावून सांगा. नाहीतर तुमच्या पाठीमागे कुणा गरीब भाच्या-पुतणीच्या घरात बोलणी सुरू होतात आणि त्या आईबापांच्या मनाचे हाल होतात.

“ससूनच्या आवारात श्रीवत्स आहे, जाऊन मुलं तरी बघून या,” असं अनाथ मुलांच्या त्या संस्थेबद्दलही पुण्यात दोघांनी सुचवलं. आम्ही गेलो नाही, तुम्हीही त्या हेतूने कुठल्याच संस्थेत जाऊ नका. बाल कल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळं घोषित केल्यावरच त्याची माहिती काराच्या पोर्टलवर येते आणि तिथून क्रमाने कुटुंबाकडे जाते. या शिस्तीमागे इतिहास आहे. भारतीय मुलं परदेशी देताना होणाऱ्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावर १९८४ साली न्यायालयाने नियम घालून दिले, आणि पुढे १९९० मध्ये कारा उभी राहिली. मुलाने रांगेत उभं राहून पाहुण्यांना पसंत पडायचं नसतं. त्याच्यासाठी घर शोधलं जातं. मला हे मनापासून पटलेलं आहे आणि याच्या आड येणारी कुठलीही ‘ओळख’ नाकारा, विशेषतः पैसे मागणारी.

परतल्यावर होम स्टडी, म्हणजे आमची आणि घराची तपासणी, सुरू झाली. किमान दहा तासांचं पालक-प्रशिक्षण सक्तीचं असतं. समाजसेविका घरी येते, दोघांशी वेगवेगळं बोलते. मूल होण्यासाठीचे उपचार का थांबवले, मुलाला शिस्त कशी लावाल, त्याने जन्मदात्या आईबद्दल विचारलं तर काय सांगाल, असे प्रश्न येतात. पाठ केलेली उत्तरं देऊ नका. आमचं दोघांचं उत्तर एका जागी वेगळं आलं आणि त्यावरच सगळ्यात चांगली चर्चा झाली.

नोटरी केलेले कागद भारतात चालायला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र, लागतं, आणि ज्या राज्यात नोटरी झाली त्याच राज्याचं. न्यू जर्सीचं काम ट्रेंटनला होतं. न्यूयॉर्कमध्ये नोटरी केलेला कागद तिथे नेऊन उपयोग नाही. आय-८००एची मंजुरी १५ महिन्यांची असते, तेव्हा मुदतवाढीची तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहा. पैशाचा अंदाज बांधताना एजन्सीची फी, सरकारी फी, प्रवास यांच्याबरोबर भारतातल्या संस्थेला द्यायचे ५,००० डॉलर धरा. मूल घरी आल्यावर दोन वर्षांत त्याच्या प्रगतीचे सहा अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, त्यांचा खर्चही वेगळा असतो.

आमचा अर्ज आता गेला आहे. मंजुरी आली की एजन्सी पोर्टलवर नोंदणी करेल.