मोडीचा वर्ग आणि स्टँडला बांधलेला मोबाइल

मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग पहिल्यांदा घेतला तेव्हा मी पन्नास-पन्नास मिनिटांचे व्हिडिओ केले होते. इतिहास, बोरू, पेशवेकालीन दप्तरं, सगळं पहिल्याच आठवड्यात. बत्तीस जणांनी नावं नोंदवली, तिसऱ्या आठवड्यात नऊ उरले. मला वाटलं, लोकांना चिकाटीच नाही. (मास्तरकीची जुनी खोड, दुसरं काय!)

मग एका काकूंचा फोन आला. "सर, तुमचा चेहरा छान दिसतो हो, पण हात दिसत नाही."

खरंच की! मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. ते वळण स्लाइडवर कसं कळणार? जेवणाच्या टेबलाला स्टँड बांधला, मोबाइल उलटा टांगला आणि फक्त कागद नि बोट दिसेल असं चित्रण केलं. एका व्हिडिओत चारच अक्षरं, सहा-सात मिनिटं. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, ती तशीच ठेवली.

इतिहास आता पाचव्या आठवड्यात येतो. पहिला गृहपाठ एवढाच, की स्वतःचं नाव मोडीत लिहून फोटो पाठवा. मोडीत वेलांटी सहसा एकच, दीर्घ. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती घेतलेली मंडळी पहिल्याच दिवशी खूश!

काकूंनी मात्र स्वतःचं सोडून नातवाचं नाव पाठवलं. रेघ थोडी तिरकी होती.