टॅम्पाहून ओकाला: मिल्टन वादळात घर सोडताना

फ्लोरिडातल्या टॅम्पात नवीन आलेली मराठी मंडळी दर जूनमध्ये विचारतात की वादळ आलं तर निघायचं का आणि कुठे, आणि बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, "अटलांटाला मित्र आहे ना, जाऊ तिकडे". अटलांटाला जाऊ नका. एरवीचा सात तासांचा रस्ता त्या गर्दीत किती तासांचा होईल ते कुणीच सांगू शकत नाही, आणि तुम्हाला पळायचंय पाण्यापासून, फ्लोरिडापासून नाही. इथली आपत्कालीन खात्याची माणसं पण तेच सांगतात, की शेकडो मैल कशाला, दहा-वीस मैल आत, इव्हॅक्युएशन झोनच्या (समुद्राचं पाणी चढण्याच्या भीतीने रिकामा करायला सांगतात त्या भागाच्या) बाहेर एखादं पक्कं घर मिळालं तरी पुष्कळ.

२०२४च्या ऑक्टोबरात आम्ही साउथ टॅम्पात भाड्याच्या घरात होतो, झोन ए म्हणजे सगळ्यात आधी रिकामा करायचा भाग, आणि आईबाबा ठाण्याहून आलेले. दोन आठवड्यांपूर्वीच हेलीन वादळ येऊन गेलेलं, ते आदळलं लांब वर फ्लोरिडाच्या उत्तरेकडच्या बिग बेंड किनाऱ्याला तरी टॅम्पा बेचं (टॅम्पाच्या खाडीचं) पाणी सहा-सात फूट चढलं होतं, आणि आमच्या गल्लीत लोकांचे भिजलेले सोफे, गाद्या, फ्रिज, फाडून काढलेलं ड्रायवॉल असे ढीग तसेच पडलेले, बुरशीचा वास मारत. आता वारा सुटला की हेच सगळं उडणार हे दिसतच होतं. मिल्टन सोमवारी ७ तारखेला कॅटेगरी पाचला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला पोचलं, वारे ताशी १८० मैल. मग टॅम्पा बेमध्ये १० ते १५ फूट पाणी चढेल असा अंदाज आला, काउंटीने झोन ए आणि बी रिकामे करायला सांगितले, आणि टॅम्पाच्या मेयर जेन कॅस्टर टीव्हीवर सरळ म्हणाल्या की तिथे थांबलात तर मराल.

बाबांचं म्हणणं, घरातच बसू. २००५चा २६ जुलै त्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून चालत काढलाय त्यामुळे पाणी येतं आणि ओसरतं असा त्यांचा ठाम समज. त्यांना सांगितलं की बाबा तेव्हा सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो पाऊस होता, इथे वारा समुद्रच ढकलत आत आणतो, लाटांसकट, आणि एकदा पूल बंद झाले की मग कुठे जाणार? ते पटलं. आईचं वेगळंच, नवरात्र चालू, घट बसलेला, धान्य चांगलं बोटभर उगवलेलं आणि अखंड दिवा. "घट हलवत नाहीत रे." शेवटी ठाण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल. ते म्हणाले, जिवापेक्षा मोठं काही नाही, टाक सोबत न्या, मानसपूजा करा, घट आहे तिथे राहू दे. दिवा मात्र विझवूनच निघायचा, बंद घरात पेटता दिवा ठेवून कुणी जाऊ नका. तरी घट आईने माळ्यावर नाही तर निदान ओट्यावर ठेवायला लावलाच.

निघालो मंगळवारी पहाटे चारला. आय-७५ हायवे नकाशावर तेव्हापासूनच लालभडक होता (रस्त्याच्या कडेच्या शोल्डरवरून गाड्या सोडत होते तरी), म्हणून यूएस ३०१ हा गावांमधून जाणारा रस्ता धरला, झेफरहिल्स, डेड सिटी, बुशनेल, वाइल्डवूड करत ओकाला. सिग्नल लागतात पण गाडी हलत राहते आणि मुख्य म्हणजे मधे गावं आहेत, बाथरूम मिळते, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे फार महत्त्वाचं. आईला उपास, राजगिऱ्याचे लाडू आणि खिचडीचा डबा, बाकीच्यांना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. वाटेत बरेच पंप प्लास्टिक गुंडाळून बंद. फ्लोरिडात गॅस (म्हणजे पेट्रोल) बोटींनी येतो आणि वादळाआधी बंदर बंद करतात, त्यामुळे वादळाचं नाव टीव्हीवर आलं की त्याच दिवशी टाकी फुल, अर्ध्यावर आली की परत फुल.

ओकालाच का, ऑरलँडो का नाही, तर वादळ राज्य आडवं कापून टॅम्पा-ऑरलँडो जोडणाऱ्या आय-४ हायवेच्याच पट्ट्याच्या आसपास जाणार होतं. वादळाच्या वाटेवर पळून काय उपयोग, वाटेच्या बाजूला सरकायचं. पूर्व किनारा सुरक्षित म्हणून तिकडे जायचा विचारही करू नका, मिल्टन आदळायच्या आधीच सेंट लुसी काउंटीत टोर्नेडोंनी माणसं मारली. आणि तो नकाशावरचा पांढरा कोन असतो ना, तो फक्त वादळाचं केंद्र कुठून जाईल त्याचा अंदाज, कोनाबाहेर आहोत म्हणजे सुटलो असं नसतं. हरिकेन सेंटरचे अपडेट सकाळ-संध्याकाळ ५ आणि ११ला येतात, तेवढेच बघा, व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड सोडून द्या.

हॉटेल फुकट कॅन्सल होणारंच घ्या. आम्ही वादळ गल्फमध्ये तयार झाल्या झाल्या बुक केलं होतं आणि तरी पोचल्यावर काउंटरवर रूम दुसऱ्याला दिली म्हणाले, अर्धा तास वाद घातल्यावर मिळाली. कन्फर्मेशनचा प्रिंट असू द्या, फोनवरचा दाखवताना नेटवर्क गेलं तर पंचाईत. त्याच प्लास्टिकच्या पिशवीत पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद), भाडेकरार, आईबाबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स आणि बीपीच्या गोळ्यांची जेनेरिक नावं.

बुधवारी रात्री साडेआठच्या सुमारास मिल्टन सिएस्टा कीला आदळलं, आमच्या दक्षिणेला, त्यामुळे वारा उलटा आणि टॅम्पा बेचं पाणी आत यायच्या ऐवजी बाहेर खेचलं गेलं. परतल्यावर जे थांबले होते ते म्हणाले, उगाच गेलात. असं कसं? तेच केंद्र थोडं वर सरकलं असतं तर? शिवाय शेजारच्या सेंट पीटला (सेंट पीटर्सबर्गला) १८ इंच पाऊस झाला, तिथल्या स्टेडियमचं छप्पर फाटलं, आणि नॉर्थ टॅम्पात झोनमध्ये नसलेल्या घरांत पावसाचं पाणी शिरलं. इव्हॅक्युएशन झोन आणि इन्शुरन्सवाल्यांचा फ्लड झोन हे दोन वेगळे नकाशे आहेत, दोन्ही बघा.

परत यायची घाई नको. आम्ही शनिवारी, दसऱ्याला आलो तर सिग्नल बंद (तेव्हा प्रत्येक चौकात सगळ्यांनी थांबून एकेकाने जायचं), घरी वीज नाही, गॅससाठी सरकारी डेपोवर माणशी दहा गॅलन फुकट आणि त्याला ही लांब रांग. निघताना फ्रीझरमध्ये पेलाभर बर्फ करून वर नाणं ठेवलेलं, ते तळाला गेलेलं दिसलं, म्हणजे मधे सगळं वितळलं होतं, सगळं टाकून दिलं. घट वाचला होता.

भाड्याने राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, रेंटर्स इन्शुरन्समध्ये पूर धरत नाहीत, सामानासाठी फ्लड पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि सरकारी पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते, सीझन १ जूनला सुरू होतो तेव्हा एप्रिलमध्येच घेऊन टाका.