नेट नाही तर नाटक नाही

आमच्याकडे घोडबंदर रोडला एकवेळ लाइट टिकेल पण नेट टिकेल ह्याची कोणी गॅरंटी देत नाही. मेट्रो ४ चं काम चालूच, त्यात सर्व्हिस रोड कधी पाण्याच्या लाइनसाठी खोदलेला तर कधी गॅसच्या, आणि खालून फायबर गेलीये हे जेसीबीवाल्याला ती तुटल्यावरच कळतं. मग राउटरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि कस्टमर केअरवाली बाई सांगते की आपल्या एरियात काम चालू आहे, जसं काय आपल्याला दिसतच नव्हतं.

नेट गेलं की ऑफिसचं काम बंद, त्याचं दुःख नाही. पण घरातल्या घरात असलेलं नाटक पण बंद? हे काय माझ्या डोक्यात जात नाही.

म्हणजे बघा, टीव्हीखालच्या कप्प्यात एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याला मोठी हार्ड डिस्क, आणि तिच्यावर बाबांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या नाटकांच्या व्हीसीडी उतरवून ठेवल्यात. व्हीसीडी आठवतायत ना? चित्र ३५२ बाय २८८, आजच्या टीव्हीवर नटाचं नाक कुठं संपतं नि मिशी कुठं सुरू होते ते अंदाजानं ओळखायचं. एका सीडीत जेमतेम सव्वा तास मावायचा, त्यामुळे नाटक ऐन रंगात आलं की बाबा उठणार, दुसरी सीडी सदऱ्याच्या बाहीला पुसणार आणि आत सारणार. आत फोल्डर उघडलं की त्या .डॅट नावाच्या फायली. त्या सगळ्या कॉपी केल्या, नावं दिली, वर घरातल्या लग्नामुंजींच्या कॅसेटी पण करून घेतल्या. ह्यात एक गोष्ट इंटरनेटवरून आलेली नाही. सगळं रोख पैसे मोजून घेतलेलं.

आणि ह्या फायली टीव्हीवर दाखवायला एका कंपनीचं ॲप टाकलंय, ते नेट गेल्यावर काय म्हणतं? साइन इन करा.

कॉम्प्युटरपासून राउटरला वायर, राउटरपासून टीव्हीला वायर, सगळं मिळून चार पावलांच्या आत. दोघांचेही नेटवर्कमधले पत्ते १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते १९९६ सालीच घरगुती आणि ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी राखून ठेवलेत, ते बाहेर इंटरनेटवर जातच नाहीत. म्हणजे पिक्चरचा एक बाइटसुद्धा आमच्या हॉलबाहेर पडत नाही. बाहेर जाते ती फक्त चौकशी. ॲप आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारतं की हा माणूस कोण, तिथून टोकन, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, मिळालं की मग आमच्याच डब्याशी, म्हणजे त्या जुन्या कॉम्प्युटरशी, बोलायला जातं. बरं त्या डब्याचं सिक्युरिटी सर्टिफिकेटही कंपनीच्याच डोमेनच्या नावावर, त्यामुळे टीव्हीला शेजारचा डबा कुठाय हे पण बाहेर विचारल्याशिवाय समजत नाही. सेटिंगमध्ये खोल कुठंतरी एक रकाना आहे म्हणे, की ह्या ह्या पत्त्यांना लॉगिन विचारू नकोस. पण त्या रकान्यापर्यंत पोचायला आधी साइन इन करायला लागतं. घ्या.

आता पासवर्ड नकोच असं माझं म्हणणं अजिबात नाही. डबा बाहेरून बघता येईल असा उघडा टाकला तर कोण ना कोण हुंगत येणारच, कुलूप हवंच. प्रश्न एवढाच की नावनिशी ठेवायची कुठं. आमच्या सोसायटीच्या गेटवर पण ॲप आहे, पाहुणा आला की फोनवर नोटिफिकेशन, ॲप्रूव्ह करा. पण नेट गेलं की वॉचमन काका निवांत ड्रॉवरमधून वही काढतात, नाव लिहा, फ्लॅट नंबर लिहा, जावा. एवढी अक्कल वहीत आहे तर करोडोंच्या सॉफ्टवेअरमध्ये का नसावी.

कंपनीची बाजूही आहे, नाही असं नाही. माझी बहीण पुण्याला, तिला तीच नाटकं बघायची असतात. पण आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे प्रत्येक घराला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं कोंबलेली असतात. राउटरच्या स्टेटस पेजवर १००.६४ ते १००.१२७ मधला आकडा दिसला तर समजायचं की आपण त्यातलेच, आणि मग पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून आत वाट करून देणं, कितीही करा, बाहेरून कोणी आत येत नाही. अशा वेळी मध्ये उभं राहून दोघांची गाठ घालून द्यायला कोणीतरी लागतं, आणि ते काम कंपनीचा सर्व्हर खरंच झकास करतो. पण ते पुण्याच्या बहिणीसाठी ना, सोफ्यावरच्या बाबांना कशाला त्या रांगेत उभं करता? मला विचाराल तर त्यात अडचणीपेक्षा धंदा जास्त आहे. माणूस लॉगिनला आला की त्याला चार जाहिराती, दोन प्लॅन दाखवता येतात.

गंमत म्हणजे कळवा ओलांडून ठाणे-बेलापूर रोडला लागलं की ऐरोली, रबाळे, महापे, सगळीकडे डेटा सेंटरच्या अजस्र इमारती. अख्ख्या देशाचा डेटा आमच्या शेजारी येऊन बसलाय आणि आम्ही आमच्याच हॉलमधल्या नाटकासाठी तिष्ठत.

शेवटी जेलीफिन टाकलं, घरच्याच फायली टीव्हीवर दाखवणारं दुसरं सॉफ्टवेअर. एम्बी नावाच्या अशाच सॉफ्टवेअरवाल्यांनी आपला कोड लोकांना दाखवणं बंद केल्यावर २०१८ च्या डिसेंबरात काही लोकांनी तो जुना कोड घेऊन वेगळी चूल मांडली, तेच हे. फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे युजर, पासवर्ड सगळं आपल्याच डब्यात, बाहेर कोणाला विचारत नाही. दिसायला जरा ओबडधोबड, पोस्टर कधी भलत्याच पिक्चरचं लावतं, आणि मराठी नाटकांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. बहिणीसाठी मात्र जुनंच चालू ठेवलंय, कारण तिच्यासाठी दुसरी सोय करायची तर तिथं पण कुणाचंतरी अकाउंट उघडायला लागत होतं. म्हणजे एकाच डब्यावर दोन-दोन सर्व्हर, एकाच फोल्डरकडे बघत बसलेले.

जेलीफिनमध्ये अजून एक सोय आहे, फायलींच्या नावापुढे पार्ट वन, पार्ट टू लिहिलं की दोन्ही सलग वाजतात. एका रविवारी बसून सगळ्या नाटकांची नावं बदलली. परवा लाल दिवा लागलेला असताना बाबांनी त्यातलं एक अख्खं नाटक न उठता पाहिलं, आणि संपल्यावर म्हणाले, "अरे पण मध्ये थांबलंच नाही, माझा चहा राहिला."