सफदच्या तहरीर दफ्तराची प्रत मिळवताना: माझा अनुभव

सोळाव्या शतकातील ऑटोमन महसुलाचा अभ्यास करणाऱ्या कोणाला सफद संजाकाच्या, म्हणजे त्या काळच्या सफद जिल्ह्याच्या, तहरीर दफ्तरातील, म्हणजे कर आकारणीसाठी केलेल्या पाहणीच्या नोंदवहीतील, पाने मागवायची असतील, तर सर्वांत आधी हे ध्यानात ठेवावे: अर्जात गावाच्या नावावर विसंबू नये, दफ्तराचा क्रमांक, संजाक, नाहिया (संजाकाचा पोटविभाग) आणि हिजरी वर्ष लिहावे. खरे तर ही सूचना अर्जावरच छापलेली असायला हवी होती.

मोडीतील गावांचे ताळेबंद वाचता वाचता मला या दफ्तरांची ओढ लागली. १५१६ मध्ये मर्ज दाबिकच्या लढाईत मामलुकांचा पराभव झाला, सीरिया ऑटोमन सुलतान पहिल्या सलीमच्या ताब्यात आला आणि पुढे गावोगावची कुटुंबे, पिके व कर यांची नोंद होऊ लागली. सफद संजाकात जीरा, अक्का, तबरिया, तिबनीन आणि शकीफ अशा नाहिया होत्या. नाहिया म्हणजे साधारण आपल्याकडचा महाल. मला जीरा आणि तिबनीन या दोन नाहियांतील गावांची तुलना करायची होती. दफ्तराचा संदर्भ शोधणे, शुल्क भरणे, ओळखपत्र पाठवणे ही कामे विनासायास झाली. अडले ते अर्जापाशी.

परदेशातील ज्या संग्रहात या दफ्तराची सूक्ष्मचित्रफीत होती, त्याच्या अर्जात तीन रकाने सक्तीचे होते: देश, गाव आणि वर्ष. पहिल्याच रकान्यात एकच देश निवडण्याची सोय होती. जीरा नाहियातील जिश हे गाव आज इस्रायलमध्ये आहे आणि तिबनीन दक्षिण लेबनॉनमध्ये. पण दफ्तर लिहिणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने दोन्ही एकाच संजाकाचा भाग होते व त्यांची नोंद एकाच दफ्तरात होती. इस्रायल निवडल्यावर तिबनीन दिसेना, लेबनॉन निवडल्यावर जिश दिसेना, आणि दोन स्वतंत्र अर्ज केले तेव्हा एकाच दफ्तराची मागणी दोनदा आल्याचे कारण देऊन दोन्ही परत पाठवण्यात आले. गावाच्या रकान्यात आजच्या नकाशावरील नावेच स्वीकारली जात. दफ्तरातील कितीतरी जागा आज ओसाड आहेत, आणि कित्येक तर तेव्हाही मजरा म्हणून, म्हणजे वस्ती नसलेली पण कसली जाणारी जमीन म्हणून, नोंदवलेल्या होत्या. अशा प्रत्येक जागेसाठी ‘असे गाव आढळत नाही’ हे एकच छापील उत्तर येत राहिले. ते वाचताना मला अतिशय संताप येई, कारण आज न आढळणारी गावेच तर मला शोधायची होती.

वर्षाचा रकाना त्याहून त्रासदायक होता. हिजरी १००५ हे वर्ष १५९६ च्या ऑगस्टमध्ये सुरू होऊन १५९७ च्या ऑगस्टमध्ये संपते, आणि अर्जात चारच अंक मावत. शिवाय सफदच्या बाबतीत वर्षाचाच वाद आहे. ह्युटेरोट आणि अब्दुलफत्ताह या अभ्यासकांनी १९७७ मध्ये या प्रदेशाचा भूगोल मांडताना सफदचे दफ्तर १५९६-९७ च्या सुमाराचे धरले होते. पुढे हॅरोल्ड रोड या अभ्यासकाने ते १५४८-४९ चे असल्याचे दाखवले. सुमारे अर्ध्या शतकाचा हा फरक कोणत्याही तुलनेचा पायाच बदलतो. म्हणून ‘नेमके वर्ष सांगा’ या आग्रहाला मी ‘दफ्तराचा क्रमांक पाहा’ असेच उत्तर देत राहिलो.

अखेर तेथील एका अनुभवी कर्मचाऱ्याने सुचवल्याप्रमाणे मी अर्जाचा नमुना बाजूला ठेवून साधे पत्र लिहिले. त्यात दफ्तराचा क्रमांक, ‘सफद संजाक, जीरा व तिबनीन नाहिया’ एवढा उल्लेख आणि पानांची मागणी होती. पाने आली, आणि कागदावर जिश हे नाव ओळखता आले तेव्हाचा आनंद मोठा होता.

पत्रासोबत मुफस्सल, म्हणजे तपशीलवार, दफ्तर हवे की इज्माल, म्हणजे गोषवारा, हेही स्पष्ट करावे. कुटुंबप्रमुखांची नावे मुफस्सलमध्येच मिळतात. आकडे सियाकत लिपीत असतील, तर त्या लिपीचा सराव पाने मागवण्यापूर्वीच सुरू करावा. तिच्यात अक्षरांचे नुक्ते बहुधा गाळलेले असतात आणि संख्या अरबी संख्यावाचक शब्दांच्या आखूड रूपांत लिहिलेल्या असतात. गावाचे नाव लागत नसेल तर आगेमागे नोंदवलेली गावे नकाशावर शोधावीत, कारण शेजारची गावे पुष्कळदा एकापाठोपाठ येतात.

‘हाने’ या नोंदीला जनगणना समजू नये. ते करपात्र कुटुंबप्रमुख आहेत; अविवाहित पुरुष ‘मुजर्रद’ म्हणून वेगळे लिहिले आहेत, तर स्त्रिया, मुले आणि करमुक्त माणसे बहुतांशी बाहेरच राहतात. एका कुटुंबाला पाच माणसे धरून लोकसंख्या काढण्याची प्रथा आहे, पण तो केवळ अंदाज आहे. गहू, जव, ऑलिव्ह, शेळ्या व मधाची पोळी यांच्यापुढील आकडे अकचे या चांदीच्या नाण्यांतील कराचे आहेत, उत्पादनाचे नाहीत. उत्पादनाचा अंदाज हवा असेल, तर त्या गावाकडून पिकाचा चौथा हिस्सा घेतला जाई की तिसरा, हे नोंदीत पाहून मगच गुणाकार करावा.