तार, तर्री आणि नागपूरचं ऊन

नागपुरात 'ब्रेसेस' हा शब्द दवाखान्याच्या पाटीवरच जास्त दिसतो. घरात म्हणतात, 'पोरीच्या दातांना तार लावली.' बोलण्यातल्या या शब्दाने नेमका कर्ता पकडला आहे. दातावर चिकटवलेली चौकोनी क्लिप, म्हणजे ब्रॅकेट, ही नुसती पकड. दात ओढते ती तार.

पहिली तार बहुतेकदा निकेल-टायटॅनियमची, ०.०१४ किंवा ०.०१६ इंच जाडीची. तिची एक जात उष्णतेवर चालते. गार केली की मऊ पडते, वाकवाल तशी वाकते. तोंडाच्या उबेत आली की स्वतःच्या मूळ कमानीकडे परतू लागते आणि जाता जाता दातांना सोबत नेते. म्हणून बसवताना ती थंड करून घेतात. मे महिन्यात पारा ४५ वर आणि खोलीतला एसी बंद, अशा दुपारी हीच तार ट्रेमध्येच ताठ झालेली असते आणि वाकड्या दातावरच्या ब्रॅकेटच्या खाचेत बसता बसत नाही.

हा गुण घरीही कामाला येतो. दुखणं खुर्चीवर सुरू होत नाही. काही तासांनी होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभरात निवळतं. त्या वेळी माठातल्या गार पाण्याची गुळणी तोंडात धरली की तारेची ओढ थोडा वेळ ढिली पडते. पण घरातली माया गारव्यावर थांबत नाही. 'काऊन गं, लय दुखून राहिलं का?' म्हणत आजी गरम हळदीचं दूध आणते. गरम दुधाने तार जोमात येते, आणि हळद काय करते ते पुढे.

तार ब्रॅकेटवर धरून ठेवायला इवल्याशा रबरी कड्या असतात, पॉलियुरेथेनच्या. पारदर्शक घेतल्या तर दिसत नाहीत, असं वाटतं. सकाळी एक प्लेट तर्री पोहे खाल्ले की त्या पिवळ्या पडतात. हळदीचा रंग पाण्यात नाही, तेलात विरघळतो. तर्रीवर तेलाचा तवंग, म्हणून चूळ भरून काही होत नाही. पुढच्या भेटीपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, तेच पिवळं हसू. नागपूरकराने सरळ करडा किंवा गडद निळा रंग मागावा. तर्रीतल्या शिजलेल्या चण्यांचं भय नाही, वरून भुरभुरलेल्या कडक शेवेला मात्र जपावं.

'डॉक्टर, जरा जास्त कसा ना, लवकर होईल,' ही विनंती नेहमीची. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या, तंतूंच्या अस्तरात तो झुलता असतो. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं, मागे मोकळ्या झालेल्या जागी नवं भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. दाब वाढवला तर अस्तरातलं रक्तच थांबतं, हाड विरघळवणाऱ्या पेशी तिथे पोचत नाहीत आणि दात अडून बसतो. घाई अशी उलटते.

ब्रॅकेट निघालं की दोष सिमेंटला देतात. पहिल्या दोन-चार दिवसांत निघालं तर बहुधा चिकटवताना लाळ लागलेली असते. अ‍ॅसिडने खरवडलेला दात खडूसारखा पांढरा, कोरडा राहायला हवा. एका थेंबाने बिघडतं. नंतर निघालं तर पुरावा ताटात सापडतो: भुट्टा, ऊस, चिक्की. आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटलेला मावा. त्यातली सुपारी ब्रॅकेट पाडते हे किरकोळ. वर्षानुवर्षांच्या खर्ऱ्याने तोंडच उघडेनासं होतं, मग तार लावायला हात आत जाणार कुठून?

संत्र्याला परवानगी आहे. मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमधली संत्री सोलून, फोडींवरचे धागे काढून खावीत, कारण ते धागे ब्रॅकेटच्या पंखांत अडकतात. लगेच ब्रश मात्र नको. आंबटाने दाताचा वरचा थर नरमतो. आधी पाण्याने चूळ, ब्रश अर्ध्या तासाने.

भंडारा, वर्ध्याहून बसने येणाऱ्यांनी मेणाची डबी खिशात ठेवावी. तारेचं टोक गालाला टोचू लागलं तर ते कोरडं करून मेणाचा वाटाण्याएवढा गोळा दाबायचा. परतीच्या वाटेवर एवढ्याने भागतं. वरच्या-खालच्या दातांत अडकवायची रबरं स्कूटीच्या डिकीत ठेवू नयेत. उन्हाने लेटेक्स मरतं आणि रबर लावताच तुटतं.

दीड-दोन वर्षांनी तार निघते, पण हिरडीतले ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढतच असतात. म्हणून रिटेनर, म्हणजे दातांवर बसून त्यांना नव्या जागी धरून ठेवणारा साचा. पारदर्शक रिटेनर गरम पाण्याने धुतला किंवा उन्हातल्या गाडीत डॅशबोर्डवर राहिला तर वाकतो, मग बसत नाही. तरी उन्हापेक्षा त्याचा मोठा वैरी पोह्याच्या ठेल्यावर आहे. खायच्या आधी रिटेनर काढतात, डबी घरी राहिलेली असते, म्हणून कागदात गुंडाळून प्लेटशेजारी ठेवतात. पोहे संपतात, पोऱ्या टेबल पुसायला येतो आणि कागदासकट सगळं बादलीत ओततो.