निळ्या भिंतीवरचा पिवळा

सासवडच्या त्या घरात साखरपुडा तोंडावर आला होता आणि हॉल हिरवट दिसत होता. म्हणून मला बोलावणं आलं. ठरला होता लख्ख पिवळा, अगदी भंडाऱ्यासारखा. घरातल्या आजींचा तसा हट्ट होता; कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. आधीचा कारागीर जुन्या आकाशी रंगावर थेट पिवळ्याचे दोन हात मारून गेला होता. रोलर कोरडा फिरला तिथं पोपटी पट्टे दिसत होते.

घरमालक म्हणाले, "रंग डुप्लिकेट निघाला बघा. अजून दोन हात मारून टाका."

मी डबा उघडून पाहिला. रंग अस्सल होता. मुळात चटक पिवळा खालचं झाकत नाही. झाकण्याचं काम करतं टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे रंगातली पांढरी पूड, आणि गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्य मिसळून शेड बनवतात त्या मूळ रंगात, ते अगदी कमी असतं, नाहीतर टिंटिंग मशीनमधून कितीही रंगद्रव्य सोडलं तरी शेड फिकीच येईल. त्यामुळे उजेड पिवळ्यातून आरपार जाऊन खालच्या निळ्यावर पडतो, आणि डोळ्याला हिरवं दिसतं.

आजींना हे पटेना. "आमच्या वेळी चुन्यात पिवडी कालवून फासली की भिंत झाली!" त्यांचंही खरं होतं. पिवडी म्हणजे माती, ती छान झाकते. पण तिचा पिवळा मातकट, भंडाऱ्याची झळाळी तिला नाही.

दाराची चौकट मात्र जुन्या पिवळ्या ऑइलपेंटची होती आणि पोऱ्या पॉलिश पेपर घेऊन सरसावला होता. मी त्याला थांबवलं. पूर्वीच्या अशा पिवळ्यात लेड क्रोमेट, म्हणजे विषारी शिसं असायचं; म्हणूनच तो एका हातात झाकायचा. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग आहे, पण चौकट त्याच्या कितीतरी आधीची. घरात रांगतं पोर होतं. कोरडं घासलं असतं तर ती भुकटी फरशीवर आणि तिथून त्याच्या तोंडात. पोराला शेजारी पाठवलं, आम्ही मास्क लावले, पाणी मारून हलक्या हातानं घासलं, लगदा पिशवीत भरला, फरशी दोनदा ओल्या फडक्यानं पुसली. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

भिंतींना पांढरा प्रायमर मारला. निळा पुरता बुजला. तो वाळेपर्यंत दोन मोठ्या चार्ट पेपरवर पिवळा मारून ते कोपऱ्यात काटकोनात लावले. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर पिवळा उजेड टाकतात, म्हणून चारी भिंती रंगवल्या की शेड कार्डावरच्यापेक्षा बरीच भडक दिसते. संध्याकाळी ट्यूबलाइट लावून आजींना तिथं खुर्ची टाकून दिली. त्या बराच वेळ बघत बसल्या.

"भंडारा अंगावर घेतात रे, डोळ्यांत नाही," त्या म्हणाल्या. "देव्हाऱ्याची भिंत तेवढी कर. बाकीच्या पांढऱ्या."

त्याच रात्री पहिला हात मारला, सकाळी दुसरा. कुठंही पट्टा नाही. उरलेल्या डब्याच्या झाकणावर शेड नंबर लिहिला आणि सुनेला सांगितलं, खिळा ठोकून पोपडा निघाला तर याच डब्यातला रंग लावा, पण आधी तेवढ्यावर पांढरा.