फाल्गुनातलं धुकं

फाल्गुनातली दुपार, दोन-अडीचची वेळ. वाईहून मेणवलीकडे चालत निघालं की उसाच्या फडापलीकडून पांढरा लोट वर चढताना दिसतो. नवख्याला वाटतं, पाचट पेटलं. पण पाचटाचा धूर काळपट असतो आणि डोळ्यांत जातो. हा लोट झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचेतो विरून जातो, आणि नाकाशी येतो तो ओली माती, कापूर आणि उकडलेलं रताळं यांच्या मधलाच कुठलातरी वास. हळद शिजतेय.

वाई बघायला माणसं येतात ती श्रावणात, नाहीतर सुट्टीत महाबळेश्वरला जाता जाता. ढोल्या गणपती, घाट, मेणवलीचा वाडा, वसईची घंटा, दोन फोटो, की पसरणीचा घाट चढायला मोकळी. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. फाल्गुनात इथे काय आहे म्हणे? धूळ आणि पानगळ. जिथे बसून अख्खा मराठी विश्वकोश रचला गेला त्या गावाबद्दल हे बोलायचं म्हणजे धाडसच.

तर हळद. अक्षय तृतीयेच्या आसपास लावलेली, आठ-नऊ महिन्यांनी तयार होते. आधी पाला कापतात, पंधरा-वीस दिवस जमीन तशीच ठेवतात, मग काढणी. काढल्यावर जेठे गड्डे, म्हणजे मधले जाड मातृकंद, वेगळे, हळकुंडं वेगळी. ही निवड आळसाने केली की पुढचं सगळं बिघडतं, कारण जाड गड्डा शिजेपर्यंत बारीक हळकुंडाचा लगदा होतो. पूर्वी चुलवणावर मोठी काहील असे. हळकुंडं बुडून वर चार बोटं पाणी, त्यावर हळदीचाच पाला नाहीतर गोणपाट झाकायचं, आणि जाळ एकसारखा ठेवायचा. आता बहुतेक ठिकाणी वाफेचा कुकर आला आहे, एक बाष्पक आणि भोवती ड्रम. काम झटपट होतं. लांबून दिसणारा लोट त्याचाच, ड्रमचं झाकण उघडतानाचा.

शिजली की नाही हे कळायला काडी लागते. हळकुंडात सहज शिरली की झालं. कच्ची उतरवली तर आतला रंग सारखा येत नाही आणि पुढे कीड लागते. जास्त शिजली तर रंग मंद होतो, हळकुंड मऊ पडतं. मग दहा-पंधरा दिवस ऊन. थर तीन-चार बोटांचा, त्याहून पातळ नाही, आणि रात्री झाकण. वाळली का, हे बघायला मात्र कान लागतो. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटायची. खणखणीत वाजली तर वाळली, बद्द वाजली तर अजून दोन दिवस. ओली शंभर किलो वाळून वीसच्या आसपास भरते. म्हणजे रस्त्याकडेला पसरलेलं ते पिवळं अंगण बघता बघता आकसत असतं. रोज तिथून जाणाऱ्यालाच ते दिसतं. एकदा येणाऱ्याला ते फक्त पिवळं दिसतं.

म्हणूनच फिरण्याच्या बाबतीत थोडा हट्टीपणा बरा. वाट एकच, वेळही तीच. रोज नवी वाट धरणाऱ्यांना वाट सापडते, फाल्गुन सापडत नाही. (जाता जाता: वायगावची हळद वर्धा जिल्ह्यातली. नावातल्या ‘वाय’वरून ती वाईला चिकटवणारे भेटतात, आणि हुज्जतही घालतात.)

परतताना नदीच्या अंगाने यावं. पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू नीट बघता येते. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. लोंढा येतो त्या अंगाची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, पूर त्या टोकावर आपटून दोहीकडे फाकावा म्हणून. पावसाळ्यात ही हुशारी पाण्याखाली असते. तिचं कौतुक करायचं तर कोरडा महिनाच हवा. याच दिवसांत सात घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव चालतो. काल ज्या पायऱ्यांवर धुणी वाळत होती तिथे आज मांडव आणि पंगत.

आणि त्याच दगडांच्या सांध्यांत तांबूस काहीतरी चमकतं. पिंपळाचं रोप. पाखराच्या विष्ठेतून बी पडतं, सांध्यातल्या चुन्यात ओल धरतं. एरवी ते शेवाळात आणि नेच्यांत हरवलेलं असतं, पण आता सगळं वाळलेलं आणि याला कोवळी पालवी, त्यामुळे लपता येत नाही. पहिल्या वर्षी ते दोन बोटांनी उपटून येतं. दोन-तीन वर्षं गेली की मूळ आत उतरतं. तेव्हा वरून छाटण्यात अर्थ नाही. एकाचे चार फुटवे येतात, मूळ आतल्या आत जाडावतं आणि शेवटी चिरा बाहेर ढकलतं. देवळाच्या मुळावर उठणं ते असं. दर उत्सवाला घाट धुतला जातो, रोपाकडे मात्र ‘पिंपळ आहे, कसा तोडायचा’ म्हणून बघत राहतात.

सावरीखाली थांबायचं ते सकाळी. पान एक नाही, नुसती लाल फुलं, पाच जाड पाकळ्यांची. अशी जड की पडताना थप्प आवाज होतो. शेळ्या त्या आवाजाकडेच कान लावून असतात. फांद्यांवर भोरड्यांचा कलकलाट. मध्य आशियातून आलेली ही गुलाबी-काळी पाहुणी मंडळी, एप्रिलपर्यंत परततात. त्यांची चोच फुलात बुडून वर येते ती परागाने माखलेली. तीच सावर उन्हाळ्यात बोंडं फोडते आणि कापूस उडतो. पोरं त्याला म्हातारी म्हणत मागे धावतात. रुईचीही म्हातारीच, सावरीचीही म्हातारीच. कुठली खरी यावर तासभर भांडण होई. आता होतं की नाही कोण जाणे.

एक गोष्ट मात्र फाल्गुनात अचानक होते. चारच्या सुमाराला पांडवगडाच्या बाजूने आभाळ भरून येतं. वाळत घातलेल्या हळदीवर चार थेंब पडले तरी डाग धरतात, भाव पडतो. खळ्यावर पळापळ होते, ताडपत्री ओढली जाते, आणि माणसं नेहमी एकाने कमीच असतात. रस्त्याने फिरायला निघालेल्याने तेव्हा चप्पल बाजूला काढून एक कोपरा धरावा. तळवे दोन दिवस पिवळे राहतात. पाऊस बहुतेक वेळा येतच नाही.